डॉर्कस बँटमचं ‘होय साहेब’

अमेरिकेत मेरीलँडमध्ये, चॉपटँक नदीच्या काठी, स्पेडनच्या मळ्यावर डॉर्कस बँटम लहानपणापासून गुलाम म्हणून स्वयंपाकघरात राबली, आणि इतक्या वर्षांत मालकाने तिच्या तोंडून ‘होय साहेब’ याखेरीज काही ऐकलं नाही. त्या दोन शब्दांत ती काय काय भरून पाठवते हे फक्त मागच्या दाराशी बसणाऱ्यांना कळायचं. एका ‘होय साहेब’चा अर्थ ‘करते’, दुसऱ्याचा अर्थ ‘मसणात जा’. मालक दोन्हींवर खूश. बाई गरीब स्वभावाची आहे, असं तो पाहुण्यांना सांगायचा. गरीब कसली! तिच्या भावाने एकदा, एकदाच, ‘नाही’ म्हटलं होतं आणि त्याच आठवड्यात जॉर्जियाचा गुलामांचा व्यापारी त्याला बेड्या घालून घेऊन गेला होता. तेव्हापासून हिने जिभेला कुलूपच घातलं.

मग गुलामीवरून उत्तर-दक्षिणेची लढाई पेटली. तिचा नवरा पेरी निळा डगला चढवून उत्तरेच्या फौजेत गेला आणि तिकडे व्हर्जिनियात खंदक खणू लागला. १८६४च्या नोव्हेंबरात, पहिल्याच तारखेला, मेरीलँडमधली गुलामी कायद्याने संपली. त्या सकाळी डॉर्कसने नऊ वर्षांच्या केझायाचा हात धरला आणि मळा सोडला. स्पेडन व्हरांड्यात उभा होता. त्याने अडवलं तर नाहीच, उलट हसून मक्याच्या पिठाची पिशवी दिली आणि जपून राहा म्हणाला.

ते हसणं लेविनबाबाला मुळीच आवडलं नाही. हा खाडीत कालवं काढणारा म्हातारा, काळाच, पण जन्मापासून मोकळा. मायलेकी त्याच्याच खोपट्यात उतरल्या होत्या.

“कोंबडी चुकली तर चार दिवस शिव्या घालणारा माणूस,” तो म्हणाला, “स्वयंपाकीण गेली तर हसतो होय? त्याच्या मनात काहीतरी शिजतंय, पोरी.”

डॉर्कसने ते हसण्यावारी नेलं. पण त्याच आठवड्यात रस्त्यावर गाड्या दिसू लागल्या. पुढे मळेवाला लगाम धरून, मागे चार-सहा काळी पोरं, गपगार. गाड्या कोर्टाच्या गावाला जात आणि तशाच भरलेल्या परत येत. एका गाडीमागून एक बाई अनवाणी पळत होती. काय झालं म्हणून विचारलं तर ती न थांबता गाडीमागे पळतच गेली.

मग स्पेडनचा निरोप आला. पोरीला कोर्टात घेऊन ये, सुटलेल्या मुलांची नावं लिहून घेतायत. डॉर्कसला ते पटलं, कारण पटावं असं तिला फार वाटत होतं. सरकारदरबारी नाव लागलं की लेकीवर कुणी हक्क सांगायला नको. तिने केझायाचा झगा खळ घालून कडक केला, केसांत फीत बांधली. लेविनबाबाला रंग काही बरा दिसेना. गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष कोर्टात चालत नसे, तेव्हा तो सोबत जाऊन तरी काय करणार?

“गाय बांधावी लागत नाही, डॉर्कस,” तो म्हणाला. “वासरू बांधलं की ती आपल्या पायांनी गोठ्यात येते. तिथं काहीही विचारू देत, तू नाही म्हण.”

वाटेत मायलेकींनी त्याचा सराव केला. आई, तुला बेडूक खायचाय? नाही. तुला मिस्टर स्पेडनशी नाचायचंय? नाही. केझाया हसून हसून रस्त्यात बसली. डॉर्कसलाही तो शब्द बरा वाटला. तिने तो एकदा मोठ्याने रानात ओरडून पाहिला.

कोर्टात बाकांवर पोरंच पोरं होती. न्यायाधीश म्हातारा, खोकणारा, मऊ आवाजाचा. तो खेकसला असता तर कदाचित ती सावध झाली असती. त्याने नवरा कुठे म्हणून विचारलं, घर कुणाचं म्हणून विचारलं. शेजारी स्पेडन हॅट हातात धरून तिच्याकडे बघत होता, जेवणाच्या टेबलावरून बघायचा तसाच.

“यांनी तुला कधी उपाशी ठेवलं नाही ना, बाई?”

“होय साहेब.”

“आणि मुलीलाही हे पोटभर घालतील, कामधंदा शिकवतील. तिच्या भल्याचंच आहे, नाही का?”

“होय साहेब.”

मन जागेवर यायच्या आत जिभेने आपलं काम उरकलं होतं. केझायाने मान वर करून आईकडे पाहिलं. कारकुनाने लेखणी बुडवली. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत स्पेडनकडे उमेदवारीला, म्हणजे फुकट राबायला, बांधली असा हुकूम झाला. शिपायाने पोरीचा हात धरला तेव्हा डॉर्कस ‘नाही’ म्हणाली, पुनःपुन्हा म्हणाली, पण तोवर पुढच्या पोराचं नाव पुकारलं गेलं होतं.

फौजेच्या कचेरीत ती दोनदा जाऊन आली. तिथल्या कप्तानाला खरोखर वाईट वाटलं, आणि त्याने तिला थांबायला सांगितलं. ती थांबलीही. मग एके दिवशी न राहवून मळ्याच्या कुंपणाशी गेली. स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून केझाया दिसली. खोक्यावर उभी राहून ती चुलीवरचं हंड्याएवढं भांडं उतरवत होती, आणि तिचा डावा हात कोपरापर्यंत चिंध्यांत गुंडाळलेला होता.

डॉर्कसने खोपट्यात येऊन गाठोडं बांधलं.

“तू गेलीस तर तो जिंकला,” लेविनबाबा म्हणाला.

“जिंकू दे,” ती म्हणाली. “माझ्या लेकीचा चुलीपर्यंत हात पोचत नाही.”

म्हाताऱ्याने तिचं गाठोडं मळ्याच्या वाटेपर्यंत उचलून नेलं. ती मागच्या दाराने आत शिरली. मिसेस स्पेडन वाटाणे सोलत बसली होती. तिने ना मान वर केली, ना पगाराचं नाव काढलं.

“पीठ होतं तिथंच आहे, डॉर्कस,” ती म्हणाली.

केझाया खोक्यावरून खाली उतरली. ती आईकडे धावली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि आई आता काय बोलते ते बघत राहिली.