आकाराममामा आणि भट्टीचं झाकण

शिरोलीच्या एका फाउंड्रीत आकाराम चौगुले भट्टी सांभाळायचे. मोठ्या मिशांचा, त्याहून मोठ्या आवाजाचा माणूस. विजेच्या भट्टीत भंगार लालबुंद होऊन हलायला लागलं की ते तिच्या तोंडाशी उभे राहून म्हणायचे, "चल गं बाई, उरक!" आपण बोलतो म्हणूनच लोखंड वितळतं, अशी मामांची पक्की समजूत होती.

त्यामुळं वीजबचतीचं काम बघायला आलेल्या संयोगिता या इंजिनियरबाईंनी भट्टीवर झाकण बसवलं, तेव्हा मामा भडकले.

"झाकण? ही काय आमटी हाय व्हय?"

"मामा, उघड्या तोंडातनं सगळी धग वर जाते. वीज आपली आणि ऊब पत्र्यावरच्या कावळ्यांना!"

"घेऊ देत की! मला माल दिसाय नको?"

बाईंची पाठ वळली की मामा झाकण बाजूला सारायचे. शेवटी सापडले. संयोगिता रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शेजारी शेजारी दोन सारख्या भट्ट्या आहेत. तुमची उघडी, माझी झाकलेली. भंगारही सारखंच. बघूया कुणाचं आधी वितळतंय."

असं आव्हान कोल्हापुरात कोण सोडतंय? जेवणाचे डबे तसेच ठेवून अख्खं खातं जमलं. साचे भरणारा धैर्यशील शिट्ट्या मारायला लागला. मामांनी आपल्या भट्टीला गोंजारलं, दटावलं, शेवटी शिव्याही घातल्या. बाईंचं एकच काम. भंगार टाकण्यापुरतं झाकण उघडायचं, की लगेच बंद. त्यांचाच माल आधी तयार झाला.

"न्हाय मान्य!" मामा गरजले. "ती भट्टीच चलाख हाय. अदलाबदल करा!"

दुसऱ्या दिवशी मामा चलाख भट्टीवर, बाई मामांच्या भट्टीवर. या खेपेला मामा जिंकले. त्यांनी हातमोजे हवेत उडवले, शड्डू ठोकला. "बघितलंसा? मानूस लागतोय, मानूस!"

धैर्यशीलनं हळूच विचारलं, "मामा, झाकण कुणाच्या भट्टीवर हुतं?"

मामांनी आपल्या भट्टीकडं बघितलं. मग तिच्यावरच्या झाकणाकडं. खातं खो खो हसायला लागलं. मामांचे कान तापलेल्या लोखंडासारखे लाल झाले. मग त्यांनाही हसू फुटलं, एवढं की खांबाला टेकावं लागलं.

"जिंकलो मीच," डोळे पुसत ते म्हणाले, "पर झाकण ऱ्हाऊ दे."

त्या उन्हाळ्यात भट्टीपाशी उभं राहणं जरा सुसह्य झालं. "हल्ली घरी आल्या आल्या भांडत न्हाईसा," बायको शालूबाई म्हणाल्या, "तब्येत बरी हाय न्हवं?"

मग संयोगितांनी धुराचा विषय काढला. तेलकट भंगारानं काळा लोट उठायचा. या खेपेला मामा कुणी सांगायच्या आधीच गेटवर जाऊन उभे. भंगारवाल्या अरिहंतचा टेंपो त्यांनी अडवला.

"पावणं, ह्यो तेलाचा माल परत न्या."

"धुऊन आणू?"

"आन् वल्ला आणलासा तर पाण्याची वाफ हून भट्टी उडंल की! तेल काढा, उन्हात कडकडीत वाळवा, मग या."

अरिहंतनं कपाळाला हात लावला, पण पुढची खेप कोरडी, चकचकीत आली. मामांनी एक तुकडा उचलून हुंगला, बोटानं चोळला आणि गेटवाल्याला हाक दिली, "सोड रे आत! लगीनघरातल्या भांड्यागत घासून आणलंय!"