बिनआवाजाची बंदूक आणि माझा परवाना

परवान्यावर काडतुसं मोजून मिळतात, गप्पा मात्र कितीही झोडा! म्हणून बंदूकवाल्यांकडे बार कमी आणि किस्से जास्त. आमचा अड्डा वणीतलं बापूचं बंदुकीचं दुकान आणि त्यामागची छर्ऱ्याची रेंज. तिथे बाई मी एकटीच. नवरा गेला, त्याची दुनळी बंदूक माझ्या नावावर झाली. यंदा मात्र परवाना अडकला. ठाण्यातले नवे साहेब म्हणाले, "चौऱ्याहत्तरची बाई बंदूक सांभाळेल का, ते मी स्वतः पाहीन. मगच शेरा."

पाहा म्हटलं!

*

जवळच्या कोळसा खाणीतल्या एका इंजिनीअरने नवी एअर रायफल आणली. पुढे हातभर लांब, जाड सायलेन्सर. ऐटीत नेम धरला, घोडा ओढला. फुस्स! परत. फुस्स! तिसऱ्यांदाही तेच.

"पाहा बापू, पाखरूसुद्धा उडालं नाही!"

मी निशाणाच्या कागदापाशी जाऊन आले. भोक एकही नाही.

"इंजिनीअर, छर्रा भरला होता का?"

गडी खिशातली छर्ऱ्यांची डबी काढून पाहत राहिला. डबीचं सील शाबूत!

*

पुढच्या रविवारी त्याने छर्रा आठवणीने भरला. नवे दोन मेंबर बोलावले. "आता ऐका, म्हणजे काहीच ऐकू नका!" म्हणाला आणि घोडा ओढला.

नेमकं त्याच क्षणाला खाणीत ब्लास्टिंग झालं. दुकानाच्या काचा थरथरल्या, बापूच्या कपातला चहा बशीत आला.

नवा मेंबर कानावर हात ठेवून म्हणाला, "साहेब, सायलेन्सर लावूनबी एवढा?"

*

आमच्या बंजारा तांड्यावर मला सगळे याडी म्हणतात, याडी म्हणजे आई. तिथला रामधन बापूकडे आला. त्याच्या सोयाबीनमध्ये रोज डुकरं. बापूने मोबाइलवर परदेशातल्या सायलेन्सरचा फोटो दाखवला. "हे लावलं का बार आयकूच येत नाही. आपल्याकडे कायद्यात बसत नाही म्हना, पाहून घे नुसतं."

रामधन म्हणाला, "मंग मले कायले पायजे? अर्धी डुक्करं तं आवाजानंच पळतेत! याडी, आवाज वाढवाचं काही असन तं सांग!"

*

एकदा कंपनीचा विक्रेता नवी शॉटगन घेऊन आला. मी हात लावला तर म्हणाला, "माताजी, ये आपके बस का नहीं."

मी शाळेची पायरी चढले नाही. अक्षरं शिकले ती काडतुसाच्या डब्यावरून. तिथेच, त्याच्या कॅटलॉगवर, बंदूक सुटी केली आणि परत जोडली. तो खाली वाकून पाहत होता. शेवटी एक बारीक स्क्रू उरला.

"देखो माताजी, बच गया ना!"

मी म्हटलं, "बेटा, चष्मा संभालो."

चष्म्याची एक काडी सुटून त्याच्या कानाला लटकत होती.

*

निवडणुकीत सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. ती आटोपली तशी मी दुनळी आणायला गेले. सोबत बापू. साहेब त्याला स्वतःच्या नव्या स्पोर्टिंग रायफलीचं कौतुक सांगत होते. मला पाहून म्हणाले, "आजी, बंदूक धरून दाखवा. हात थरथरला तर तसा शेरा जाईल."

हवालदाराने माझी दुनळी पुढे केली. मी हात पाठीमागे बांधले.

"घ्या ना आजी."

"नाही घेत."

"जड आहे का?" साहेबांनी पेन उघडलं.

बापू कानाशी आला. "याडी, घे न वं! काहून अडून राह्यली? परवाना जाईन!"

"बंद बंदूक मी कोणाच्या हातून घेत नाही. उघडून द्या."

हवालदार हसला. "आजी, महिनाभर कुलपात होती. रिकामीच आहे!"

"मग उघडायला तुझं काय जातं?"

त्याने चिडून बंदूक मधून मोडून उघडली. मी घेतली, नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरल्या. एका नळीतून खिडकी दिसली. दुसरीतून काहीच नाही. झाडूची काडी मागवून घातली, तर टेबलावर चिखलाचे गोळे पडले. कुंभारीण माशीने आत घर बांधलं होतं.

"साहेब, या नळीतून कोणी बार उडवला असता, तर नळी फुटून हात गेला असता."

साहेबांनी कागद ओढला, शेरा लिहिला, सही केली, शिक्का मारला. हवालदाराला म्हणाले, "खोलीतल्या सगळ्या बंदुका उघडून पाहा." मग माझ्याकडे खुर्ची सरकवली आणि हळूच म्हणाले, "आजी, माझी नवी रायफल गाडीत आहे. तेवढी बघता का?"

मी हात परत पाठीमागे बांधले.

"उघडून आणा."