दोन घोट पेज

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? असेल तसंही.

मी भूलतज्ज्ञ आहे. गडचिरोलीच्या जंगलातल्या एका सरकारी दवाखान्यात ऑपरेशनच्या वेळी भूल देते आणि टाके पडेपर्यंत पेशंटच्या उशाशी बसते. भूल देणं तसं पाच मिनिटांचं काम. खरं काम नंतरचं — श्वास, नाडी, रक्तदाब, बोटाला लावलेल्या चिमट्यावरून मशीनवर उमटणारा ऑक्सिजनचा आकडा बघत राहायचं. बघत राहायचं, बस. नव्या नर्सना हे मीच शिकवते, आणि कोणी चुकलं तर चारचौघांत झाडते. फार कडक बाई म्हणून माझं नाव आहे.

अकरा वर्षं झाली. मे महिना होता, तेंदूपत्त्याचा हंगाम. पानं तोडून, पुडे बांधून बायकांची बोटं काळी आणि राठ होतात. आमच्या जुन्या मशीनचा चिमटा त्या बोटांवर नीट आकडा धरत नसे. पेशंट ठणठणीत, आणि मशीन आपलं कोकलतंय! मग आम्ही काय करायचो? अलार्म बंद करायचो. सगळेच करायचे — नाही, सगळ्यांचं राहू द्या. मी करायची.

सोमी नावाची बाई होती. पोटातली गाठ काढायची होती. कमरेत इंजेक्शन दिलं, पाय बधिर झाले. पण ती फार घाबरलेली, सारखी उठू पाहायची. म्हणून झोपेचं औषध दिलं. जास्त दिलं का? दिलं. थोड्या वेळाने मशीन ओरडलं. मी न बघताच बटण दाबलं आणि कागद भरायला घेतला. दर पाच मिनिटांनी आकडे लिहायचे असतात. मी पुढच्या वीस मिनिटांचे एकदमच लिहून टाकले — ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. एक सत्त्याण्णव मुद्दाम घातला, खरं वाटावं म्हणून.

“रक्त काळं का दिसतंय?” सर्जन म्हणाले.

तेव्हा मी मान वर केली. तिचे ओठ निळे पडले होते. श्वास नव्हता. घशात नळी घातली, छाती दाबली, हृदय पुन्हा चालू केलं — तेवढं मला येत होतं. नळी घालताना तिचा घसा मी नीट पाहिला. स्वच्छ होता, पोटातलं काहीच वर आलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती गेली, डोळे न उघडता.

इथपर्यंतच्याला चूक म्हणता येईल. पुढच्याला नाही.

त्या दिवशी ऑपरेशननंतर मी बाहेर आले, तर तिचा नवरा चैतू दाराशी उभा. ती शुद्धीवर येत नाही, हे नर्सने त्याला सांगितलं होतं. “काऊन झालं, बाई?” एवढंच म्हणाला. भुलेआधी पोट रिकामं लागतं, नाहीतर पोटातलं उलटून फुप्फुसात जातं, हे त्याला आदल्या दिवशी बजावलेलं होतं. मी विचारलं, सकाळी काही दिलं होतं का तिला?

तो खाली बघायला लागला. “दोन घोट पेज देली, बाई. तिले लय तहान लागली होती.”

काय वाटलं मला, सांगू? आनंद झाला. खरंच आनंद झाला. आणि मी म्हणाले — मग त्यानंच झालं हे, चैतूभाऊ. तिच्या कागदावरही तेच लिहिलं.

त्याने वाद घातला नाही. गावात जाऊन स्वतःच सांगितलं. सोमीच्या भावांनी त्याच्या घरचं पाणी सोडलं. पुढे बाजाराच्या दिवशी तो दवाखान्यात यायला लागला. ऑपरेशनवाल्यांच्या नातेवाइकांजवळ बसायचा आणि सांगायचा, काई देऊ नोका, मी देली होती. नर्स म्हणायच्या, बरं झालं, आपल्यापेक्षा त्याचं ऐकतात. मी त्याच्यासमोरून येत-जात राहिले. किती वेळा? मोजलं नाही. एकदा थांबले असते तर?

गेल्या महिन्यात त्याची मुलगी आली — सोळा वर्षांची, अपेंडिक्स. तिचे ओठ भेगाळलेले, जीभ टाळूला चिकटलेली. कधीपासून उपाशी आहे, विचारलं. चैतू घाईघाईने पुढे आला.

“काल सकाळपासून पानी बी नाई देलं, बाई. पोरगी मांगे, रडे. पन नाई देलं.”

तिला सलाईन लावलं. पूर्ण ऑपरेशनभर माझा तळहात तिच्या छातीवर होता. ती सुखरूप बाहेर आली.

चैतूने हात जोडले. “ह्या बार माह्या हातून काई चुकलं नाई ना, बाई?” तो म्हणाला.

“नाही,” मी म्हणाले, “ह्या वेळी नाही.”