मैदानावरचा शेवटचा खो

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर "आधी बीपी तपासून घ्या" एवढंच सांगत आले. चौतीस वर्षं बँकेत काउंटरवर बसलेय, समोरचा थापा मारतोय हे मला चेहऱ्यावरून कळतं. आता तुम्ही मला हसून घ्या.

आमच्या कॉलेजचं जुनं स्टेडियम... गॅलरीच्या पायऱ्यांसाठी विटा मुलामुलींनी श्रमदानात वाहिलेल्या. एकेकाळी खो-खोच्या आंतरमहाविद्यालयीन फायनल्स इथेच व्हायच्या. मग कॉलेज वाघोलीला गेलं, मैदानात गाजरगवत माजलं, आणि यंदा कळलं की सोमवारपासून पाडकाम.

म्हणून रविवारी सकाळी नऊला शेवटची मॅच ठरवली, वर्गणी काढून कपही आणला. आम्ही विरुद्ध आमच्या वेळच्या प्रतिस्पर्धी कॉलेजच्या मुली. म्हणजे आता सगळ्याच साठीच्या आसपास, गुडघ्यांना पट्टे. गंमत म्हणून? छे! याच मैदानावर त्यांच्याशी तीन फायनल हरलोय आम्ही. इथे जिंकायची ही अखेरची संधी होती.

शेवटची काही सेकंदं... गुण बरोबरीत. एक गडी बाद केला की जिंकलो. त्यांची कॅप्टन शीला अगदी माझ्या पुढ्यातून पळत होती आणि मी बसलेली! पाठीवर हात पडून 'खो' ऐकल्याशिवाय उठलं की फाउल. खो देणारी आमची नीला दोन चौकोन मागे, धापा टाकत. गेली मॅच, म्हटलं.

तेवढ्यात पाठीत सणसणीत थाप — "खोऽऽ!"

उठले, झेपावले, शीलाचा खांदा गाठला. शिट्टी! जिंकलो हो, जिंकलो!

नीला आली ती पांढरीफटक. "अगं, मी खो दिलाच नाही. मी पोचलेच नव्हते."

खोटं जिंकायचं नव्हतं मला. मी स्वतः जाऊन शीलाला सांगितलं. तिच्या मुलीने मोबाइलवर शूटिंग केलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. माझ्या मागे कुणी नाही. पण 'खो' खणखणीत ऐकू येतो! पंचांनीही तो ऐकला होता.

तो आवाज दोन्ही टीमना पाठ होता. आमची कॅप्टन मंगल... ती चार वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली.

शीलाने व्हिडिओ पुन्हा लावला. डोळे पुसले आणि म्हणाली, "खो देणारी जिवंतच असावी, असं नियमात कुठे लिहिलंय? हरलो आम्ही. उचल तो कप."

तो व्हिडिओ मी नंतर खूप जणांना दाखवला. अजूनही भेटेल त्याला दाखवते. सोमवारी बुलडोझर आले, मैदान गेलं. पण त्या मैदानावरची शेवटची मॅच कोण जिंकलं, असं कुणी विचारलंच तर... आम्ही!