दोन खणांची कबर

डहाणूला आमचं बिऱ्हाड आलं तेव्हा शेजारी एक निवृत्त स्टेशनमास्तर राहायचे. वसईकडचे ख्रिस्ती. नवराबायको दोघंच, मुलगा मुंबईला. नोकरी संपली होती, पण अंगातला स्टेशनमास्तर काही उतरला नव्हता. गाडी लेट झाली की ओट्यावर बसून घड्याळ बघत आणि मान हलवत. जणू ते ड्युटीवर असते तर गाडीची तशी हिंमतच झाली नसती. सगळं गाव त्यांना साहेब म्हणे. त्यांची बायकोही साहेबच म्हणे. तिला मी मावशी म्हणायची.

खाडीच्या अंगाला ख्रिस्ती लोकांची जुनी दफनभूमी होती. तिथे जरा खणलं की खारं पाणी लागायचं. म्हणून इंग्रजांच्या काळात तिथे मेलेल्या दोघा गोऱ्यांच्या कबरी जमिनीवरच बांधल्या होत्या, विटांच्या, चुन्याने लिंपलेल्या, मोठ्या पेटाऱ्यांसारख्या. आत कोण होतं कुणालाच ठाऊक नव्हतं, अक्षरं झिजून गेली होती. साहेबांच्या मते मोठे इंजिनिअर. आमचे हे मालधक्क्यावर कारकून, ते म्हणायचे, तापाने मेलेले मुकादमही असतील. पण गोरे मुकादम!

त्या दोन पेटाऱ्यांच्या मधली जागा साहेबांनी मिळवली. कशी, ते त्यांना आणि फादरना माहीत.

"मातीत काय, कुणीही जातं," ते ह्यांना म्हणाले. "खेकड्यासारखं पाण्यात पडायचं? मी गोऱ्या साहेबांच्या हाताखाली काम केलंय."

तलासरीहून गवंडी आला. कबर दोन खणांची ठरली, कपाटासारखी. वरचा खण साहेबांचा, खालचा मावशींचा. संगमरवरी पाटी मुंबईहून आली. तिच्यावर साहेबांचं नाव, हुद्दा, मृत्यूचं साल तेवढं कोरं. आणि खाली बारीक अक्षरात 'व पत्नी'.

मावशी मला म्हणाल्या, "बघितलंस ना बाय? इतकी वर्षं पायाशी होते, आता पाठीखाली जाणार. बढतीच म्हणायची."

काम संपलं तेव्हा साहेबांनी आम्हा शेजाऱ्यांना रविवारी कबर बघायला बोलावलं. चहा होता, नानकटाई होती. एक म्हातारा सांधेवाला, तोही ख्रिस्ती, कपबशा देत फिरत होता. साहेबांच्या स्टेशनावरच रूळ बदलण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि साहेबांसमोर तो कधी बाकावर टेकला नव्हता. चहा झाल्यावर साहेब म्हणाले, "एकदा झोपून बघतो. बुटांसकट. बुटांशिवाय मी जाणार नाही."

वरच्या खणात ते डोक्याकडून सरकले. छाती गेली, पोट अडकलं. बाहेर पॅन्ट आणि चकचकीत बूट तेवढे राहिले.

आतून घुमल्यासारखा आवाज आला, "ओढा!"

गवंडी वाकून म्हणाला, "साहेब, आत की बाहेर?"

शेवटी सांधेवाल्याने दोन्ही पाय धरून ओढलं. आधी एक बूट हातात आला, मग साहेब. चुन्याने माखलेले साहेब उभे राहताच सांधेवाल्यावर ओरडले, "बूट असा ओढतात?" मी नानकटाई तोंडात कोंबून दुसरीकडे बघितलं. गवंड्याने दुसऱ्या दिवशी खणाचं तोंड वाढवून दिलं.

त्यानंतर साहेब डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे गेले आणि तिथेच हार्ट बंद पडून वारले. पावसाळ्याचे दिवस. डहाणूपर्यंत कुठे नेत बसायचं म्हणून मुलाने संध्याकाळीच मुंबईत मातीत पुरलं. तिथे म्हणे काही वर्षांनी हाडं काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात.

मावशी एकट्याच परत आल्या. महिना गेला. मग एक दिवस साहेबांची खुर्ची त्यांनी ओट्यावर ओढली आणि तिच्यात बसून कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडू लागल्या.

पुढच्या पावसात सांधेवाला गेला. खड्डा खणला की भरायचा. माणसं डब्यांनी पाणी उपसत होती, शवपेटी बाजूला पावसात भिजत होती. आम्ही दोघीही गेलो होतो. मावशींनी थोडा वेळ बघितलं आणि छत्रीतून म्हणाल्या, "वरच्या खणात ठेवा."

फादर चाचरले. "पण ती साहेबांची जागा..."

"साहेब मुंबईला आहेत."

सांधेवाल्याची बायको रडता रडता घाबरली. "साहेब रागावतील हो."

"रागावू देत. मला सवय आहे."

पेटी सरळ आत गेली. कुठे अडकली नाही.

मुलाला कळलं तसा तो धावत आला. बापाला डहाणूला आणायला त्याला वेळ नव्हता, भांडायला मिळाला. "निदान पाटी तरी काढ," तो म्हणाला. "काढताना फुटली म्हणजे? एवढा महागाचा संगमरवर," मावशी म्हणाल्या. पाटी राहिली.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळे कबरी सजवतात. सांधेवाल्याच्या बायकोने नवऱ्यासाठी मेणबत्त्या लावल्या होत्या, मावशी आणि मी बाजूलाच बसलो होतो. तेवढ्यात नवे स्टेशनमास्तर हार घेऊन आले. त्यांनी पाटी वाचली, टोपी काढली, आणि इथे विसावलेल्या थोर अधिकाऱ्याच्या शिस्तीबद्दल बरंच बोलले. गोऱ्यांनंतर रेल्वेला असा माणूस मिळाला नाही, म्हणाले. सांधेवाल्याची बायको पदराने डोळे पुसत प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. नवऱ्याचं एवढं कौतुक तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

मी मावशींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघींनाही तिथून उठावं लागलं असतं.