लाल दोऱ्याने शिवलेलं जॅकेट

गमबुटांचा एक जोड, दोन स्वेटर, एक सुरी, एक लाइफ जॅकेट. कस्टमचे दोन हजार एकशे चाळीस रुपये भरले.

माझा धाकटा भाऊ अनंत एवढाच परत आला.

आज वर्ष झालं. कॅनडात सॅल्मन पकडणाऱ्या बोटीवरून तो पाण्यात पडला. सापडला नाही.

खोक्यात मालकाचं पत्र आहे. मॅट्रिकच्या इंग्रजीवर तीनदा वाचलं. जाळं ओढताना पडला. जॅकेट केबिनमध्ये काढून ठेवलं होतं. स्वतःचा निष्काळजीपणा.

अनंत आणि निष्काळजी?

नारायण पेठेतून कोपऱ्यावर दूध आणायला जाताना हेल्मेट घालणारा माणूस. अख्खी गल्ली हसायची.

आमच्या घरात मासा येत नाही. एकदा म्हटलं, "शाकाहारी म्हणवतोस, आणि पोट माशांवर?"

"ताई, हलवाई कुठे पेढे खातो?"

दोन वर्षांपूर्वी सुट्टीला आला, तेव्हा लाइफ जॅकेट सोबत आणलं होतं. पट्टा उसवलेला.

"मालक बदलून देत नाही. आता मीच नवीन घेतो."

मी म्हटलं, "एवढ्याशा पट्ट्यासाठी नवीन? आण इकडे."

गोधडीच्या लाल दोऱ्याने दुहेरी टाके घातले. आत गणपतीच्या अंगाऱ्याची पुडी शिवून टाकली.

गेल्या सीझनला फोनवर म्हणाला, "ताई, तुझे टाके पक्के आहेत गं. पण जॅकेट फुगवणारी गॅसची नळी संपलीय. मालक म्हणतो, सीझन झाल्यावर बघू."

परवा खोक्यातलं जॅकेट उलटंसुलटं करून पाहिलं.

लाल टाका नाही. पुडी नाही. दुकानाचं लेबलसुद्धा अजून तसंच लोंबतंय.

मग मी शिवलेलं जॅकेट कुठे गेलं?

मला वाटतं, ते अनंताच्या अंगावरच आहे. फुगलं नाही, एवढंच.

"नवीनच घे" म्हणायला हवं होतं. ती माझी चूक, देवापुढे कबूल केली आहे. पण मालकाची चूक माझ्या भावाच्या नावावर चढू देणार नाही.

त्याच्याबरोबर जाळं ओढणाऱ्या तुम्हा दोघांना टॅग केलं आहे. भाषांतराचं बटण दाबून वाचाल, माहीत आहे.

इथे कमेंट करू नका, मालक बघत असेल. दर दिवाळीला मी तुम्हा तिघांसाठी फराळाचा डबा पाठवायचे, त्यावर आमचा पत्ता असायचा.

अनंता, नमस्कार करते बाळा. तुझं श्राद्ध नीट झालं.

आणि तुम्ही दोघे, उलट टपाली एकच ओळ लिहून कळवा. तो पडला तेव्हा पट्ट्यावर लाल टाके होते का?