पहिल्या रिंगचा रोशन

कुणी आपला फोन उचलला नाही म्हणून पेढे वाटणारी बाई अख्ख्या नवी मुंबईत एकच असेल, आणि ती नेमकी माझ्या बायकोची मावशी निघावी, हे माझं नशीब!

मावशी तळवलीच्या एका केंद्रात काम करतात. शाळा सोडून नाक्यावर वाया चाललेली पोरं तिथे काम शिकून नोकरीला लागतात. पुढे ती टिकली की घसरली, हे वर्षभर फोन करून बघायचं काम मावशींचं. पोरानं फोन उचलला की ऑफिस खूश. मावशींचं शास्त्र बरोबर उलटं. "पहिल्या रिंगला उचलतो ना, तो रिकामा बसलेला असतो हो जावईबापू! कामावरच्या माणसाला वेळ कुठला?" मग असं पोर सापडलं की बाई रिक्षा करून थेट त्याच्या दारात. एकाच्या आईला तर त्यांनी भर दुपारी फैलावर घेतलं. ती बिचारी म्हणते, "अवो, आज रविवार हाय!" एकदा मीही पहिल्या रिंगला उचलला, तर लगेच बायकोला विचारणा, "नोकरी शाबूत आहे ना यांची?" तेव्हापासून मी फोन जरा वाजू देतो.

सगळ्यांत लाडका रोशन, कायम पहिल्या रिंगचा. नोकरी सोडायचा, जुन्या टोळक्यात जायचा, मावशी कान धरून आणायच्या. शेवटी तो न्हावा शेवाच्या कंटेनर यार्डात लागला आणि फोन उचलेनासा झाला. मावशींनी पेढे आणले खरे, पण पुडा काही सोडला नाही.

"पोरगं टोळक्यात परत गेलं असेल, तरीसुद्धा फोन उचलणार नाहीच की हो," त्या हळूच म्हणाल्या. आयुष्यभराचं शास्त्र असं टेबलावर आडवं पडलेलं बघून मलाच भरून आलं. मी स्कूटर काढली, मावशींना मागे बसवलं.

यार्डाच्या गेटबाहेरूनच रोशन दिसला. अंगात पिवळं जॅकेट, एका ट्रेलरला ओरडून मागे घेत होता. मावशींनी फोन लावला. त्यानं खिशातून काढला, बघितला, कट केला.

"कट केला मेल्यानं! पास!" मावशींनी माझ्या पाठीत धपका घातला. भेटायला मात्र गेल्या नाहीत. "कामात आहे तो," म्हणाल्या. परतीच्या रस्त्यात त्या मागे वळून यार्डाकडे बघताना मला आरशात दिसत होत्या. पोर सुटलं होतं, आणि त्यांच्या हातूनही सुटलं होतं. मला फार वाईट वाटलं.

उलव्याजवळ चहाला थांबलो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"मावशी, फोन केलतास? गारी लावीत होतू. बरी हायस ना?"

मावशींनी तो पहिल्याच रिंगला उचलला होता.